३०० कोटी अक्षरांमधले एक अक्षर

"डॉक्टर, माणसाच्या सगळ्या जनुकांचा नकाशा तयार झाला म्हणतात. मग आमच्या पोरीचा सिकलसेल बरा का होत नाही?" आपल्या भंडारा जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत, त्यामुळे हा प्रश्न मला नेहमी ऐकावा लागतो. प्रश्न रास्त आहे.

आपली जनुके म्हणजे सुमारे ३०० कोटी अक्षरांची पोथी. तिची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. ही पोथी वाचायला १९९० मध्ये सुरुवात झाली. २००३ मध्ये काम पूर्ण झाल्याचे जाहीर झाले, तरी सुमारे ८ टक्के भाग वाचायचा राहिला होता. तो २०२२ मध्ये वाचला गेला.

सिकलसेलमध्ये ११व्या गुणसूत्रावर फक्त एक अक्षर बदललेले असते. त्यामुळे ऑक्सिजन कमी पडला की लाल रक्तपेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. दिवसभर पावसात रोवणी करून आलेल्या रुग्णाचे हातपाय रात्री ठणकतात, ते यामुळेच.

या चुकीचा छडा १९५०च्या दशकातच लागला होता. नकाशामुळे पुढची वाट दिसली. जन्मानंतर गर्भातले हिमोग्लोबिन बंद करणारे जनुक सापडले. त्याला रोखणाऱ्या उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने मान्यता दिली. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर आहे! आपल्या धान पिकवणाऱ्या कुटुंबाच्या हाती तो आज तरी येणारा नाही.

हाती आहे ती रक्ताची साधी तपासणी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के असते. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. त्याने लग्न जरूर करावे, फक्त जोडीदाराचीही तपासणी आधी करून घ्यावी.

"सुनेनेच हा आजार आणला" असे कोणी म्हटले की मला राग येतो. बदललेले अक्षर आई आणि वडील दोघांकडून आल्याशिवाय मूल आजारी पडत नाही. दोष कोणाचाच नसतो.

आजार असेल तर भरपूर पाणी प्या, थंडी-पावसात अंग जपा, हायड्रॉक्सियुरियाची गोळी मनाने बंद करू नका. दोघेही वाहक असाल, तर दिवस राहिल्याबरोबर डॉक्टरांना सांगा. गर्भाची तपासणी वेळेत करता येते.