अर्ध्या किमतीचा बेंड

आमच्या धसईच्या शेतावरच्या विहिरीचे पाणी होळीनंतर पार तळाला जाते. पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो, पण खरे म्हणजे वरच्या हवेचा दाब ते पाणी नळीत ढकलतो. पुस्तकात त्याची मर्यादा 34 फूट असते. आमच्या जुन्या पंपाने वीस-बावीस फुटांच्या पुढे कधी ऐकले नाही. म्हणून आम्ही दर उन्हाळ्यात इंजिन आणि पंप दोन्ही विहिरीच्या आतल्या टप्प्यावर उतरवत असू. धुराची नळी तेवढी वर काठाबाहेर काढलेली. भेंडी आणि काकडी जगवायची तर दुसरा इलाज नव्हता.

इंजिन पाच अश्वशक्तीचे, एका सिलिंडरचे. मिनिटाला पंधराशे फेरे, म्हणजे मिनिटाला साडेसातशे वेळा जळका धूर बाहेर फेकायचा. तो सगळा धूर आधी झेलतो तो इंजिनाच्या डोक्याला लागलेला बेंड. आमचा मूळचा बीडाचा बेंड 1986 च्या मार्चमध्ये तडकला. मी बाजारात गेलो. असली बेंड होता, पण दुकानदाराने शेजारीच दुसरा ठेवला, चांदीसारखा रंगवलेला आणि किंमत निम्मी. "काम तेच करतो," म्हणाला. भेंडीला त्या आठवड्यात भाव नव्हता. मी निम्म्या किमतीचा घेतला, आणि वाचले त्या पैशांत घरी खाऊ नेला. तो खाऊ मला अजून आठवतो.

तीन आठवडे गेले. एका सकाळी धाकटा भाऊ डिझेल ओतायला खाली उतरला. बऱ्याच वेळाने आईने हाक मारली, उत्तर नाही. वाकून पाहिले तर तो भिंतीला टेकून बसलेला, मान एका बाजूला. मी उतरायला पाय टाकला तो शेजारच्या काकांनी माझा दंड धरला. "दोघे जाल," एवढेच बोलले. इंजिन बंद करायच्या दांडीला दोरी बांधून वर आणलेली होती, ती ओढली. मग फासाचा दोर खाली सोडला आणि सगळे ओरडू लागलो. त्याला तेवढी शुद्ध होती. कसाबसा त्याने तो काखेत अडकवला. चौघांनी ओढून वर घेतला. ओकला, डोके फुटते आहे म्हणाला. दवाखान्यात प्राणवायू लावला, तेव्हा संध्याकाळी माणसात आला.

मला एक गोष्ट समजेना. उतरण्याआधी त्याने रिवाजाप्रमाणे कंदील सोडून पाहिला होता, आणि तो विझला नव्हता. डॉक्टरांनी समजावले. कंदील विझतो तो प्राणवायू कमी असला तर. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, त्याने कंदील विझत नाही. पण माणसाच्या रक्ताला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. वास येतो तो धुरातल्या इतर गोष्टींचा, आणि रोज धुरात वावरणाऱ्याचे नाक तो वास घेईनासे होते.

चौथ्या दिवशी करंजाहून थोरल्या बहिणीचे यजमान भावाला बघायला आले. दाजींची मासेमारीची होडी, तिच्यात तीन सिलिंडरचे इंजिन. भावाची विचारपूस झाली आणि म्हणाले, "तो बेंड आण."

मी काढून आणला. त्यांनी आधी जुना तडकलेला आणि हा नवा दोन हातांत तोलला. नवा निम्म्याहूनही हलका. "वजन खोटं बोलत नाही रे," म्हणाले. मग घरातला आरसा मागितला, फ्लँजचे तोंड काचेवर पालथे ठेवले आणि वहीचा कागद खालून सरकवला. कागद आरपार गेला. जाड फ्लँज बोल्ट आवळले तरी सपाट राहतो. पातळ पत्र्याचा दोन बोल्टांच्या मध्ये वाकतो आणि तिथून धूर निसटतो. पॅकिंग कितीही नवे घाला. (त्या काळच्या पांढऱ्या पॅकिंगात ॲस्बेस्टॉस असायचे. त्याची धूळ फुफ्फुसाला घातक. जुने इंजिन खोलणार असाल तर ते कोरडे खरवडू नका, ओले करून काढा.)

पुढची परीक्षा मी कधी पाहिली नव्हती. दाजींनी झाळीवर बाहेरून पातळ चुना फासला, उन्हात वाळवला, बेंडचे एक तोंड बुचाने बंद करून आत रॉकेल ओतले. आम्ही चहा पीत बसलो. चहा संपायच्या आत पांढऱ्या चुन्यावर चार काळपट ठिपके उठले. रॉकेल पाण्यापेक्षा बारीक भोकातून निघते. मग चाकूने रंग खरवडला, तर खाली लांबी भरलेली! झाळ सलग नव्हतीच, नुसते टाके मारले होते.

"आमच्याकडे याहून वाईट," दाजी म्हणाले. होडीत धूर थंड करायला त्यात समुद्राचे पाणी सोडतात. खारे पाणी एल्बो आतून खाते. बाहेरून रंग नवा, आतून चाळण. तो फुटला की होडीच्या पोटात धूर, नाहीतर पाणी उलटे सिलिंडरमध्ये. "मी बॅटरी नि आरसा घेऊनच दुकानात जातो. दुकानदार चिडला की समजतो, माल ठीक नाही. भर समुद्रात दुकान कुठंय?"

जाता जाता त्यांनी बेंडच्या आत बोट फिरवले. भोकही मूळच्यापेक्षा अरुंद. धूर कोंडला की इंजिन तापते, काळे ओकते, डिझेल जास्त खाते. हे मी तीन आठवडे पाहत होतो आणि डिझेलवाल्याला शिव्या देत होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे बाजारात गेलो. असली बेंड घेतला, आरशावर ठेवला, बोटाने वाजवला; चांगल्या ओतीव बीडाचा आवाज घुमतो, तडकलेल्याचा बद्द येतो. दुकानदार आमच्याकडे बघत राहिला. त्याला मी काही बोललो नाही. घेणारा मीच होतो.

विहिरीत आता पाणबुडी मोटर आहे. वीज गेली की इंजिन काठावर चालते, उघड्यावर. भाऊ डिझेल ओततो तेव्हा मी अजूनही कुठे ना कुठे जवळपास उभा असतो. तो हसतो, पण मला जा म्हणत नाही.