दोन वर्षांची वेणी

आमच्या लातूरकडच्या जुन्या घरांत आरशाशेजारच्या खुंटीला एक कापडी पिशवी हमखास टांगलेली असायची. विंचरून झालं की फणीत अडकलेला गुंता बोटाभोवती गुंडाळायचा आणि त्या पिशवीत टाकायचा. ही गुंतवळ. पिशवी फुगली की ‘केसावर भांडीऽऽ’ अशी हाळी देत येणाऱ्या बाईला थांबवायचं आणि केसांच्या बदल्यात वाटी, चमचा नाहीतर चहाची गाळणी पदरात पाडून घ्यायची. ‘एवढ्याशा केसावर वाटी येत नसती, माय.’ ‘एवढेशे कसे? आठ म्हैन्याचे हाईत की!’ दुपारभर अशी घासाघीस चाले. ते केस पुढे कुठे जातात, हे आजी-मावश्यांना ठाऊक नव्हतं आणि त्यांनी कधी विचारलंही नाही. अशा गुंतवळीचा मोठा व्यापार आहे. कर्नाटकात कोप्पळजवळच्या भाग्यनगरात बायका हा गुंता हातांनी सोडवतात, केसन्‌केस लांबीप्रमाणे लावतात आणि तो माल विग करणाऱ्यांकडे जातो.

केस देणं आपल्या भागाला नवं नाही. नांदेड-लातूरच्या घराघरांत कुणीतरी तिरुपतीला केस देऊन आलेलं असतं. मूल झालं, नोकरी लागली, दुखण्यातून माणूस उठलं, की बालाजीचं बोललेलं फेडायचं. कल्याणकट्ट्यावर डोकं उतरवलं की नवस पुरा झाला. पुढे त्या केसांचा लिलाव होतो आणि लांब केस जगभर पोचतात. देवळात वाहिलेल्या या केसांचे विग वापरणं धर्माला चालत नाही, असा निर्णय २००४ साली ज्यू धर्मगुरूंनी दिला, तेव्हा न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये ज्यू बायकांनी आपले महागडे विग रस्त्यावर आणून जाळले. नवस फेडायला गेलेल्या आपल्या बायकांना याचा पत्ताही नव्हता.

नांदेड हे तर केसांच्या बाबतीत विलक्षण शहर. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी इथे देह ठेवला. सचखंड हुजूर साहिबच्या परिसरात जन्मापासून कात्री न लागलेले केस शीख माणसं श्रद्धेनं धुतात, विंचरतात, दस्तारीखाली जपतात; केस म्हणजे गुरूची मोहर. त्याच शहरातल्या गोदावरीच्या घाटांवर दहाव्याला मुलगे बापासाठी डोकं भादरतात. लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबापुढे बाळांची जावळं उतरतात. एका नदीकाठी केस राखणं हाही धर्म आणि देणं हाही धर्म. मला दोन्हींबद्दल सारखाच आदर आहे. ज्याला केस राखायचे त्याला ‘तूही दे’ असं कुणी म्हणू नये.

पण बाईच्या केसांचा इतिहास एवढा सोज्वळ नाही. डोक्यात जट झाली की ती देवीची म्हणून वाढू द्यायची, मान दुखली, उवा झाल्या, झोप उडाली तरी कात्री लावायची नाही, ही सक्ती महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कितीतरी पोरीबाळींनी सोसली. पुण्याच्या नंदिनी जाधव यांच्यासारख्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्या घरोघर जाऊन, समजावून, शेकडो बायकांच्या जटा सोडवत आल्या आहेत. आणि नवरा गेल्यावर केशवपन! ब्राह्मण घरांतल्या विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायला १८९० मध्ये मुंबईच्या नाभिकांनी संप करून नकार दिला. त्यामागे सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे उभे होते. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला, ही मला महाराष्ट्राच्या इतिहासातली फार मोठी गोष्ट वाटते. इतकी वर्षं बाईचे केस ठेवायचे की काढायचे, हे देव ठरवी, सासर ठरवी, तिचं नशीब ठरवी. तिला कुणी विचारलं नाही.

म्हणून आपल्याकडची एखादी कॉलेजातली मुलगी कमरेएवढा शेपटा कापून कॅन्सरच्या मुलांसाठी देते, तेव्हा मला ते नुसतं दान वाटत नाही. स्वतःच्या केसांबद्दलचा निर्णय तिनं स्वतः घेतलेला असतो. तोही सहज नव्हे. ‘लग्नाची पोर, केस कशाला कापतीस?’ हे आई म्हणते, मावशी म्हणते, शेजारीण तर म्हणतेच. आपल्या भागात लांब केस म्हणजे मुलीची जमेची बाजू, आणि त्या केसांमागे घरानं खरोखर कष्ट घेतलेले असतात. खोबरेल, शिकेकाई, रविवारचं न्हाणं. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या उन्हाळ्यात डोक्यावरून न्हायचं म्हटलं की आधी घरातल्या घागरी मोजाव्या लागत. त्या दिवसांतही ज्यांनी आपले केस राखले, त्यांना केस म्हणजे काय ते सांगायला नको.

आता ज्या मुलांसाठी हे केस द्यायचे, त्यांच्याविषयी. केसांच्या मुळाशी असलेल्या पेशी फार झपाट्यानं विभागतात. कॅन्सरच्या पेशींचंही तसंच. किमोथेरपीची बरीचशी औषधं अशा भराभर वाढणाऱ्या पेशींवरच तुटून पडतात, आणि त्यांना या दोघींतला फरक कळत नाही. उपचार सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत सकाळी उशीवर केस दिसू लागतात, मग विंचरताना बटाच हातात येतात. लहान मुलांत सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर रक्ताचा. नेहमी आढळणाऱ्या त्याच्या तीव्र प्रकाराचे उपचार दोन ते अडीच वर्षं चालतात. आपल्याकडची कुटुंबं त्यासाठी बार्शीच्या कर्करोग रुग्णालयात जातात, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात जातात, आणि बरीचशी लातूर एक्स्प्रेस, देवगिरी, नंदीग्राम पकडून परळच्या टाटा रुग्णालयात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत महिनोन्‌महिने मुक्काम. सोयाबीनची काढणी भावावर सोपवलेली, धाकटं लेकरू आजीपाशी.

तीन-चार वर्षांच्या लेकराला डोक्यावर केस नसल्याचं काही वाटत नाही; ते आईच्या चेहऱ्याकडे बघत असतं. पण दहा-बारा वर्षांच्या मुलीचं तसं नाही. गावी परतल्यावर लोक विचारतात, ‘तिरुपतीला जाऊन आलीस का?’ आणि आई घाईघाईनं ‘हो’ म्हणून मोकळी होते. आजाराचं नाव निघालं की घरावर शिक्का बसेल, ही भीती. त्या मुलीला शाळेत जायचं असतं, वर्गातल्या फोटोत उभं राहायचं असतं. अशा वेळी विग तिला चार दिवस बिनचौकशीचे देतो. एवढंच त्याचं काम आणि ते लहान नाही. मात्र मराठवाड्याच्या मे महिन्यात, बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हात विग घालणं सोपं नसतं. कित्येक मुली तो पेटीत ठेवून सुती रुमाल बांधतात, कुणी उघड्या डोक्यानं खुशाल हिंडतात. त्यांना तसं हिंडू द्यावं. विग त्या मुलीच्या मनासाठी आहे, पाहुण्यांच्या डोळ्यांसाठी नाही.

केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतात. विगसाठी अनेक संस्था बारा इंच मागतात, म्हणजे दोन वर्षांची वाढ. हा हिशेब पहिल्यांदा मनात जुळला तेव्हा मी थबकले. उदगीरच्या एखाद्या मुलीची वेणी जितके दिवस घेते, जवळजवळ तितकेच दिवस त्या लेकराचं आजारपण घेतं. इथे कुणी न्हातंय, तेल लावतंय, वेणी घालतंय, आणि तिथे कुणी सलाइन संपायची वाट पाहतंय. दोघींची ओळख नाही, होणारही नाही. एका विगला अशा अनेकींच्या वेण्या लागतात. आखूड केस निवडून बाजूला पडतात, उरलेले बारीक आकड्यानं जाळीत एकेक करून गाठवले जातात. हातानं केलेला विग पुरा व्हायला कित्येक आठवडे लागतात. एकीची वेणी एकीच्याच डोक्यावर जाते, असं होत नाही.

म्हणून हे काम नीट व्हायला हवं. केसाच्या सालीला माशाच्या खवल्यांसारखे थर असतात आणि ते मुळाकडून टोकाकडे एकाच दिशेनं बसलेले असतात. उलटसुलट झालेले केस एकमेकांत अडकतात. गुंतवळ सोडवताना भाग्यनगरच्या बायकांचे डोळे त्याचपायी शिणतात. म्हणून केस कापण्याआधी बांधायचे असतात; पार्लरच्या फरशीवरून झाडून गोळा केलेले केस दानाच्या पाकिटात घालू नयेत. वाईट याचं वाटतं की हौसेनं केस कापलेले असतात, फोटो निघालेला असतो, आणि बांधायचंच राहून गेलेलं असतं. मग ते केस वाया जातात.

दुसरं सांगायचं ते केस देणाऱ्या मुलींना आणि त्यांच्या घरच्यांना. वेणी दिली म्हणजे सगळं झालं, असं नाही. आजारी मुलांना औषधं हवीत, रक्त हवं, मुंबईत राहायला जागा हवी, आणि उपचार मध्येच सुटू नयेत म्हणून हातात भाड्याचे पैसे हवेत. श्रीमंत देशांत कॅन्सर झालेल्या मुलांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक मुलं बरी होतात. आपलीही व्हावीत. जिच्या घरी ऐपत आहे तिनं केसांसोबत एका प्रवासाचं तिकीटही द्यावं.

तुमचे केस बारा इंचांहून लांब असतील आणि मनानं घेतलं असेल, तर आधी मुंबईतल्या मदत ट्रस्टसारख्या केस स्वीकारणाऱ्या संस्थेला विचारा: किती लांबी हवी, रंगवलेले चालतात का, पाठवायचे कुठे. मग केस धुवा आणि पूर्ण वाळू द्या. ओले केस पाकिटात कुजतात. वेणी घाला, वर आणि खाली रबरानं घट्ट बांधा, आणि वरच्या रबराच्या वर कात्री लावायला सांगा. आणि लातूर-नांदेडच्या पार्लरवाल्या ताईंनो, सलूनवाल्या दादांनो, अशी मुलगी तुमच्या खुर्चीत येऊन बसली तर एवढं लक्षात ठेवा: आधी बांधायचं, मग कापायचं.