अबोलीचा वळेसर

माझ्या लग्नाचा एकच फोटो आहे. १९७४ सालचा, कृष्णधवल, सावंतवाडीला माहेरच्या अंगणात काढलेला. मी जरा मान वळवून बसले आहे, त्यामुळे खोप्यातला वळेसर दिसतो. म्हणजे दिसायला हवा होता! (आमच्या कोकणात गजऱ्याला वळेसर म्हणतात.) आईने आदल्या रात्री बसून केळीच्या धाग्यात अबोली गुंफली होती. तो केशरी रंग फोटोत करडा झाला आणि काळ्या केसांत विरून गेला. मोगऱ्याच्या चार कळ्या तेवढ्या पांढऱ्या ठिपक्यांसारख्या उरल्या आहेत.

आई फोटोत नाही. वडील जाऊन तीन वर्षं झाली होती. त्या काळच्या रीतीप्रमाणे ती माजघराच्या दारातून पुढे आलीच नाही. तिला कोणी बोलावलंही नाही. मीही नाही. त्या फोटोत तिचं म्हणावं असं काही असेल तर तो वळेसर, आणि तोच नेमका दिसत नाही.

असो. हे सगळं आठवायचं कारण म्हणजे २०२५ च्या मे महिन्यात पुण्याला झालेलं नातीचं लग्न.

लग्नाआधी आठ दिवस फोटोग्राफर मुलगा घरी आला. मला वाटलं, पैशांचं बोलायला आला असेल. पण त्याने आधी साड्या बघायला मागितल्या! म्हणाला, "आजी, पिवळ्या अष्टपुत्रीवर झेंडूचा हार नको. फोटोत दोन्ही एकजीव होतात." मग गुलाबी गुलाब आणि निशिगंध असा हार ठरला. तोही कमरेपर्यंतच, फार जाड नाही. नाहीतर नवरा-नवरी हारामागे लपतात आणि मंगळसूत्र दिसतच नाही. कार्यालयवाल्यांना त्याने जांभळे-निळे दिवे बंद ठेवायला सांगितलं, कारण त्या उजेडात पांढरी फुलं निळी दिसतात. जन्मभर मुलांना शिकवलं, आता या मुलाकडून मी शिकत होते.

थोडं माझंही ज्ञान कामी आलं बरं का! सकाळी आणलेली मोगऱ्याची कळी संध्याकाळी उमलते. मुहूर्ताला ती मोत्यासारखी मिटलेली असते, पण रिसेप्शनपर्यंत तोच गजरा ठेवला तर घामाने आणि उन्हाने पाकळ्यांच्या कडा तपकिरी पडतात. म्हणून गजरे दोन वेळचे वेगळे. दुसरा गजरा ओलसर फडक्यात गुंडाळून, डब्यात घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचा. बर्फाच्या कप्प्यात चुकूनही नाही. माळण्याआधी हलकेच झटकायचा, नाहीतर रेशमावर पाण्याचे डाग पडतात आणि फ्लॅशमध्ये थेंब चमकतात. निशिगंधाला फार हात लावायचा नाही. जिथे बोट दाबलं जातं तिथे तो काळवंडतो, आणि आपल्या नजरेतून सुटलं तरी कॅमेऱ्याच्या सुटत नाही.

मोगरा, गुलाब, निशिगंध सगळं मार्केट यार्डातून पहाटे आणलं. अबोली मात्र सावंतवाडीहून आली. भाच्याने केळीच्या पानात बांधून रात्रीच्या बसने पाठवली. अबोली दिसते नाजूक, पण टिकते चिवट. मी आदल्या रात्री वळेसर गुंफायला बसले. बोटं आता पूर्वीसारखी चालत नाहीत, बारा वाजून गेले. यावेळी दोन्ही कडांना मोगऱ्याची एकेक ओळ घातली, म्हणजे मधली अबोली उठून दिसते. हे मला तेव्हा ठाऊक असतं तर आईला सांगितलं असतं.

घरच्यांच्या फोटोची वेळ झाली तेव्हा मी मागे सरकले. माझे यजमान २०१६ साली गेले. कोणी अडवलं नव्हतं हो, पायच आपोआप मागे गेले. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, तेव्हा मी शेजारणींना तो पेपर वाचून दाखवला होता. पण दुसऱ्यांना वाचून दाखवणं सोपं असतं.

नात उरलेला वळेसर घेऊन आली. "आजी, मान खाली कर."

"अगं, मला कशाला? लोक काय म्हणतील?"

"तू गुंफलास ना? मग कर मान खाली."

एक नातेवाईक बाई काहीतरी पुटपुटल्या. मी ऐकलं नाही असं दाखवलं, आणि मान खाली केली.

फोटो आले आहेत. नातीच्या काळ्या केसांत अबोली छान दिसते. पण खरं सांगू? सगळ्यांत उठून दिसते ती माझ्या पांढऱ्या केसांत. फोटोग्राफरही तेच म्हणाला.

हा फोटो आणि १९७४ चा फोटो आता शेजारी शेजारी लावले आहेत.

ज्यांच्या घरी लग्न ठरलंय त्यांना शेवटची एक सूचना. नवरीच्या गजऱ्यांसोबत एक वळेसर जास्तीचा करा. आणि फोटोच्या वेळी माजघराकडे एकदा बघा, तिथे कोणी उभं आहे का.