मेथी थांबत नाय



परवा शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवरून मेथीच्या चार जुड्या आणल्या. मॅडिसनला घरी पोचल्यावर दोन फ्रिजच्या एका खणात टाकल्या, दोन शेजारच्या खणात सफरचंदांबरोबर. चौथ्या दिवशी सफरचंदांजवळच्या दोन्ही पिवळ्या! बायको म्हणाली, "शेतकऱ्याचा मुलगा ना तू?"

आहेच. जुन्नर तालुक्यातला. २००८ च्या ऑगस्टमध्ये इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली, तेव्हा होस्टेलची फी मेथीवर भरायची असं ठरलं होतं. मी आणि अण्णा टेम्पोत बसून पुण्याला निघालो आणि खेडच्या घाटात टेम्पो बंद पडला. पहाटे जुड्यांच्या ढिगात हात घातला तर आतून वाफ येत होती. बाजारात पोचलो तोवर लिलाव उरकला होता. पिवळ्या पडलेल्या मालाला कुणी भावही विचारला नाही. सगळा तिथेच टाकून परत आलो. येताना अण्णा एवढंच बोलले, "कांदा थांबतो. मेथी थांबत नाय." फी आईच्या पाटल्यांनी भरली.

ती वाफ कसली, हे मला फार उशिरा कळलं. उपटलेली भाजी मेलेली नसते. ती श्वास घेते, स्वतःतली साखर जाळते, त्याची ऊब ढिगात साठते, आणि गरम झालं की श्वास आणखी वाढतो. तापमान दहा अंशांनी उतरलं तर हा वेग साधारण निम्म्यावर येतो. पिवळं पडणं म्हणजेही सडणं नव्हे. पान आपलं हरितद्रव्य आणि प्रथिनं पद्धतशीर मोडतं, एरवी तो माल बियांकडे पाठवायचा असतो म्हणून. सफरचंदातून निघणारा इथिलीन वायू याच कामाची घाई करतो.

गंमत म्हणजे यावरचं मोठं काम माझ्या ऑफिसपासून दोन मैलांवर, इथल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात झालंय. पानाला तरुण ठेवणाऱ्या सायटोकायनिन गटातलं पहिलं द्रव्य, कायनेटिन, इथेच १९५५ साली सापडलं. १९९५ साली गान आणि अमासिनो यांनी तंबाखूच्या रोपात असा जीन बसवला की म्हातारपण सुरू झालं तरच सायटोकायनिन बनावं, आणि म्हातारपण थांबलं की बनणंही बंद व्हावं. आम्हा प्रोग्रॅमर लोकांच्या भाषेत, स्वतःच थांबणारी 'इफ' कंडिशन! पानं कितीतरी जास्त दिवस हिरवी राहिली.

मी उत्साहाने अण्णांना फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तंबाखूचं झालं. मेथीचं काय?"

उत्तर नव्हतं. कोल्ड स्टोरेज म्हटलं तर, "लाईट कोण देणार?"

मग जुनीच गोष्ट हाती लागली. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेने १९८० च्या दशकात विजेशिवाय चालणारा शीतकक्ष तयार केला. विटांच्या दोन भिंती, मधे तीन इंच जागा, तिच्यात वाळू. सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं, वर ओलं झाकण. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, म्हणजे आपल्या माठाचंच तत्त्व. पावसाळ्यात हवाच दमट, तेव्हा फारसा उपयोग नाही, पण उन्हाळ्यात झकास. गेल्या मार्चमध्ये सुट्टीवर गेलो तेव्हा गोठ्यामागच्या सावलीत आम्ही दोघांनी बांधला. विटा घरच्याच होत्या. त्यात मेथी जेमतेम एक दिवस जास्त टिकते.

मला वाटलं, एका दिवसाने काय होणार? एप्रिलमध्ये अण्णांचा फोन आला. बांधावर व्यापारी आला होता आणि उपटलेली मेथी बघून नेहमीसारखा भाव पाडून मागत होता.

"मग?"

"म्हटलं, आज नाय देत. उद्या बघू."

सत्तरीला आलेल्या माझ्या बापाने मेथीच्या बाबतीत 'उद्या' म्हटलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

असो. सफरचंदं वेगळी ठेवा.

चू. भू. द्या. घ्या.