फरक कुठल्या पानावर आहे?

आमच्या बडोद्याच्या घरात सायकल, लुना, स्कूटर सगळं चालवून झालं, पण शर्यतीची गाडी चालवणारी पहिली माझी पुतणी. ती कोइमतूरला पंपांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. सुटीच्या दिवशी तिथल्या करी मोटर स्पीडवेवर हौशी चालकांबरोबर गाडी पळवते. एक फेरी २.१ किलोमीटरची.

मागच्या वर्षी मी महिनाभर तिच्याकडे होतो, तेव्हा घरात एकच विषय. अगदी तशीच गाडी चालवणाऱ्या एका मुलापेक्षा ती फेरीमागे दोन सेकंद मागे पडत होती. गॅरेजवाला म्हणे, इंजिनाचं काम करा, पावणेदोन लाख लागतील. ट्रॅकवरची मुलं म्हणत, अक्का घाबरते, ब्रेक लवकर मारते. आणि बडोद्याहून माझा भाऊ रोज फोनवर, "पुरे झालं आता, विकून टाक ती गाडी."

एका रात्री ती लॅपटॉप घेऊन आली. "काका, तुमचा जन्म हिशोबात गेला. हे जरा बघा."

गाडीत डेटा लॉगर नावाची छोटी डबी बसवलेली असते. गाडी कुठे आहे आणि वेग किती, हे ती जीपीएसवरून सेकंदाला २५ वेळा लिहून ठेवते. ताशी १०० च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते, म्हणजे साधारण दर मीटरला एक नोंद. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडली की ॲक्सिलरेटर किती दाबला तेही कळतं.

पडद्यावर आडवं अंतर, उभा वेग. तिची आणि त्या मुलाची फेरी एकावर एक ठेवलेली. खाली तिसरी रेष, दोघांमधल्या वेळेच्या फरकाची. ती बघताच मला आमचं ३० जून आणि ३१ डिसेंबरचं क्लोजिंग आठवलं. लेजर जुळलं नाही की सगळ्या बेरजा पुन्हा करण्याआधी आम्ही फरक कुठल्या पानावर पडला ते शोधायचो. ही रेष नेमकं तेच पान दाखवते.

आधी इंजिन पाहिलं. सरळ रस्त्यावर ८० वरून ११० वर जायला दोन्ही गाड्यांना सारखाच वेळ. म्हणजे इंजिनाकडे काही येणं नव्हतं. पावणेदोन लाख तिथेच वाचले.

मग ब्रेक. तो दोघंही जवळपास एकाच जागी मारत होते! फरक त्याच्या आधी आणि नंतर होता. ही ॲक्सिलरेटर सोडायची आणि अर्धा सेकंद पाय नुसता अधांतरी. तेवढ्यात गाडी १४ मीटर घरंगळते. पुढे ब्रेक हलका आणि लांबवर, त्यामुळे ॲक्सिलरेटर पुन्हा दाबायला उशीर. वळणातून बाहेर पडतानाचा वेग म्हणजे मुद्दल. तेच कमी असेल, तर पुढच्या सरळ रस्त्यावर व्याजही कमीच मिळणार. दोन वळणांत सगळं नुकसान होत होतं.

आणि भीती? ट्रॅकवरच्या सगळ्यांत वेगवान वळणात हिचा वेग त्या मुलापेक्षा ताशी चार किलोमीटर जास्त होता. घाबरणारा माणूस पाय उचलतो तो अशाच जागी.

एकाच चांगल्या फेरीवर तिने विश्वास ठेवला नाही. कधी पुढे दुसरी गाडी आडवी येते, कधी टायर गार असतात. पाच-सहा फेऱ्या ताडून पाहिल्या, तरी तीच दोन वळणं. मग एका वेळी एकच सुधारणा. आधी पायातला तो अर्धा सेकंद काढला. नंतर ब्रेक सुरुवातीला जोरात आणि वळताना हळूहळू सोडायचा सराव. दोन महिन्यांत दोन सेकंदांपैकी सव्वा सेकंद वसूल झाला. पाऊण अजून येणे बाकी. तो मुलगा आता हिला विचारतो, अक्का, ते वेगवान वळण कसं घेता?

भावाला हा खेळ अजून पसंत नाही. पण "घाबरते" हा शब्द घरात आता कुणी काढत नाही, आणि रविवारी संध्याकाळी त्याचा पहिला प्रश्न असतो, "आज किती सेकंद?"

आपल्या मुलामुलींबद्दल चार लोक ठामपणे काही सांगतात, तेव्हा आधी नोंद मागावी, मंडळी. तुमच्याकडे अशी कुणी खेळणारी पोर असेल तर जरूर लिहा.