शिडी आधी पडू दे

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी माझं घोडं एका शिडीपाशी अडलं होतं. मेकॅनिक्सच्या पेपरात ती हमखास यायची. भिंतीला टेकवलेली, वर एक माणूस चढवलेला. घसरणार कधी, ते काढा. सरांनी फळ्यावर तीनदा सोडवून दाखवलं. जमिनीपाशी घर्षणाचा बाण भिंतीकडेच का, ते मला तिन्ही वेळा कळलं नाही आणि चौथ्यांदा विचारायची छाती झाली नाही.

पीएलमध्ये, म्हणजे परीक्षेआधीच्या सुट्टीत, मेसचं जेवण उरकलं की आमच्या मजल्यावरची पाच-सहा पोरं एका खोलीत जमायची. खोली होती आदल्या वर्षी त्याच विषयात केटी लागलेल्या, म्हणजे नापास झालेल्या, मुलाची. त्याने माझी आकृती पाहिली आणि बाण खोडला. म्हणाला, "बाण मागनं काढ. आधी शिडी पडू दे, मनात. पाय कुठं सरकतोय?" पाय भिंतीपासून लांब सरकत होता. म्हणजे त्याला अडवणारं घर्षण भिंतीकडे. "आणि वरचं टोक?" ते खाली घसरत होतं; तिथला बाण वर. दहा मिनिटांत काम झालं.

सरांना त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त येत होतं. पण सर त्या शिडीवरून कधी पडले असलेच, तर त्याला तीस वर्षं झाली असतील. हा गेल्याच वर्षी पडला होता. नेमकं कुठं लागतं, ते त्याला ठाऊक होतं.

गॅदरिंगला बक्षीस पहिल्या आलेल्याला मिळालं. त्यात चूक काही नव्हती. आमच्या केटीवाल्या गुरुजींसाठी मात्र बक्षिसांच्या यादीत रकानाच नव्हता.

मुलांनी मुलांना शिकवणं आजचं नाही. पंतोजींच्या शाळेत मोठी मुलं धाकट्यांकडून धुळाक्षरं गिरवून घेत. 18व्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या अनाथाश्रमाचे प्रमुख अँड्र्यू बेल यांनी देशी शाळेतली मुलं अशीच वाळूत अक्षरं काढताना पाहिली. आश्रमातल्या शिक्षकांना हा प्रकार पटेना, तेव्हा बेल यांनी जॉन फ्रिस्कन नावाच्या आठ वर्षांच्या मुलावर धाकट्यांचा वर्ग सोपवला. त्यानं तो चालवून दाखवला. 1797 साली बेल यांनी या प्रयोगावर पुस्तिका काढली आणि 'मद्रास पद्धत' इंग्लंडभर गेली. बेल यांना वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये जागा मिळाली. फ्रिस्कन तळटीपेत राहिला.

आता मी शिकवतो त्या कॉलेजात सोबत्यांना शिकवणाऱ्या मुलांचा सत्कार करायचं ठरलं. समितीत मी होतो. अर्ज छापला: स्वतःचे गुण किती, किती मुलांना शिकवलं, किती तास. अर्ज आले, आम्ही बेरजा केल्या आणि माझ्या लक्षात आलं की आपण पुन्हा पहिल्या आलेल्यालाच शोधतो आहोत. कँटीनमध्ये टिश्यू पेपरवर काढलेली आकृती कुठल्याच तासात धरलेली नव्हती. व्हायवाच्या दारात कुणी घाम पुसत असताना कुणी कानात सांगितलेलं सूत्रही नव्हतं.

एक सहकारी म्हणाले, "बक्षीस ठेवलंत की मुलं बक्षिसासाठी शिकवतील." शिकवोत बापडी. माझी काळजी वेगळीच आहे. वर्गात खाली मान घालून बसलेल्या मुलाला या सत्कारातून कळायला हवं की आपल्याच वयाच्या कुणाला 'मला येत नाही' म्हणण्यात कमीपणा नाही. शिकवणाऱ्याचं कौतुक व्हावंच. पण त्या निमित्ताने विचारणाऱ्याची भीड चेपली, तर सत्कार सार्थकी लागला.

यंदा आम्ही गुणांचा आणि तासांचा रकाना काढून टाकला. अर्ज आता शिकवणारा भरत नाही, शिकलेला भरतो. त्यात एकच प्रश्न आहे: यांच्यामुळे तुम्हाला काय समजलं, ते दोन ओळींत लिहा.

नमुना म्हणून पहिला अर्ज मीच भरला. लिहिलं: घर्षणाची दिशा. शिडी आधी मनात पडू द्यावी, मग बाण काढावा.