अस्तराचा हात

काशीतल्या मराठी घरात लाखेशी माणसाची ओळख बालपणीच होते, कारण खोजवाँ आणि कश्मीरीगंज या मोहल्ल्यांत घडणारे भोवरे, खुळखुळे आणि लाकडी भातुकली त्याच वयात हाती येतात. या खेळण्यांना रंग कुंचल्याने दिलेला नसतो. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून पसरते, आणि मग केवड्याच्या पानाने घासून तिला झळाळी आणतात. पळस, कुसुम, बोर यांच्या डहाळ्यांवर जगणाऱ्या कीटकाने स्वतःभोवती रचलेले राळेसारखे कवच म्हणजे लाख. ती शुद्ध करून पातळ पापुद्र्यांच्या रूपात आणली की तिला चपडा म्हणतात, आणि काशीशेजारचे मिर्झापूर या चपड्यासाठी एकेकाळी प्रसिद्ध होते.

लग्नात शेंदूर ठेवण्याच्या लाकडी सिंधोऱ्यावर ही लाख पुन्हा भेटते, आणि संसार मांडल्यावर दारे, कपाटे, देव्हारा यांवर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याच्या पॉलिशमधून ती कायमची सोबतीला राहते. ब्रह्माघाट, दुर्गाघाट या भागांतील जुन्या वास्तूंत मात्र अरुंद गल्ल्यांमुळे उजेड बेताचाच येतो, म्हणून गडद तपकिरी दारे पांढरी करावीत असे नव्या पिढीला वाटू लागते, आणि लाखेचे खरे सामर्थ्य त्या वेळी कळते.

लाकडाला गडद छटा देण्यासाठी मुरवलेल्या रंगाला स्टेन म्हणतात. तो पृष्ठभागावर न बसता रेषांत शिरलेला असल्यामुळे, त्यावर थेट पांढरा रंग लावल्यास त्यातील पाणी किंवा टर्पेंटाइन स्टेनला, तसेच लाकडातील टॅनिन या तुरट द्रव्याला, विरघळवून वर खेचते आणि पिवळट-तपकिरी डाग फुटतात. अशा वेळी रंगाचे हात वाढवून उपयोग होत नाही, कारण प्रत्येक ओला हात खालच्या रंगाला पुन्हा वाट करून देतो. त्याऐवजी आधी धूळ आणि तेलकटपणा पुसून, 120 आणि मग 220 नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी मारून, चपड्याचे पातळ अस्तर द्यावे लागते. चपडा स्पिरिटमध्ये विरघळत असला तरी पाण्यात किंवा टर्पेंटाइनमध्ये विरघळत नाही, म्हणून वाळल्यावर तो दोन्ही थरांमध्ये बांध घालतो. पाण्यात मिसळणारा रंग द्यायचा असेल, तर मेण काढलेला चपडा घ्यावा, म्हणजे वरचा थर नीट धरतो. घासून झालेल्या लाकडाचा कोपरा स्पिरिटच्या बोळ्याने चोळल्यावर बोळ्याला रंग लागला, तर मात्र चपड्यातील स्पिरिटच स्टेनला उचलण्याचा संभव असतो, आणि तेथे ऑइल प्रायमर बरा.

गंगेकाठच्या पावसाळ्यात हे काम काढू नये, कारण दमट हवेत वाळणारा चपडा ओल धरून पांढुरका पडतो. कोरड्या दिवसांची वाट पाहणे हा कामाचाच भाग आहे. पाहणाऱ्याला दिसतो तो शेवटचा हात. पण तो किती टिकेल, हे रंगाखाली कायमच्या झाकल्या गेलेल्या अस्तरावर ठरते, आणि ते दिसत नसल्यामुळेच घाईच्या काळात या हाताची सर्वांत आधी काटकसर होते. जुने दार पांढरे करण्याचा अधिकार नव्या पिढीला निश्चितच आहे, परंतु आधीच्या हातांनी त्या लाकडात काय मुरवले आहे हे समजून घेणाऱ्यालाच तो नीट बजावता येतो.